ग्रिफिथचा नादकाटा

रविवारचं ताट घेऊन मेरेरिद अंगण ओलांडायची तेव्हा तिची एक प्रार्थना ठरलेली असे. पाळकाची मुलगी होती ती, बाकीच्या प्रार्थना रीतसर करी. ही मात्र रीतसर नव्हती. "प्रभू, हा माणूस तुला कसा काय आवडतो, एवढं एकदा मला सांग." एवढं म्हणून ती इद्वलकाकाच्या बैठ्या घराचं दार वाजवी, उत्तराची वाट न बघता ढकली, ताट टेबलावर ठेवी आणि झाकण उघडायच्या आत बाहेर पडायला बघी. ते तिला सहसा जमत नसे. झाकण उघडलं की काकाच्या मते बटाटे खारट निघत, मटण बुटाच्या तळव्यासारखं असे आणि रस्सा कुठल्यातरी डबक्यातून भरून आणलेला. दुसऱ्या दिवशी ताट पायरीवर ठेवलेलं सापडे, घासलेलं नाही, पण कोंबड्यांनी टोचून टोचून लख्ख केलेलं.

लग्न होऊन नांतवाखच्या शेतावर आल्यापासून तिने हा एकही रविवार चुकवला नव्हता. इद्वलकाका म्हणजे तिच्या सासऱ्यांचा, ग्रिफिथचा, धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, मित्र ठेवला नाही, सत्तरी उलटली तरी कुणाशी गोड बोलल्याचा पुरावा नाही. ग्रिफिथ हयात होते तोवर हसून सांगत, "माझ्या भावाच्या तोंडाने दूध नासेल, पण त्याचा तो खर्ज ऐकलास ना? त्या खर्जासाठी मी त्याला जन्मभर पोसीन." ग्रिफिथ वसंतात गेले, आणि पोसायचं काम तेवढं मेरेरिदकडे राहिलं.

आज प्लगाइनचा रविवार होता. जानेवारीतल्या या संध्याकाळी डोंगरातल्या शेतांवरची घराणी चर्चमध्ये जमत आणि वाद्याशिवाय आपापल्या घरच्या कॅरल, म्हणजे ख्रिस्तजन्माची गाणी, गात. नाव पुकारायचं नाही, टाळी वाजवायची नाही; एकेक घर उठून पुढे जातं, गातं, परत येऊन बसतं. सगळ्यांची एक फेरी झाली की त्याच क्रमाने दुसरी. नियम एकच, पण कडक: एकदा गायली गेलेली कॅरल त्या संध्याकाळी पुन्हा कुणी गायची नाही. आणखी एक नियम होता, तो कुणी बोलून दाखवत नसे. जे घर एक वर्ष उठत नाही, ते पुन्हा कधी उठत नाही. पलीकडच्या खोऱ्यातली दोन घरं अशीच गप्प झाली होती. त्यांची मुलं आता मागच्या बाकांवर बसून दुसऱ्यांचं ऐकत.

नांतवाखचे आवाज तीन. वरचा ग्रिफिथच्या मुलीचा, नेस्टचा. मधला ग्रिफिथचा, तो आता मुलाने, म्हणजे मेरेरिदच्या नवऱ्याने, टेग्विनने घ्यायचा. आणि खाली इद्वलकाका. ग्रिफिथ आपला जुना, दोन पात्यांचा लोखंडी नादकाटा गुडघ्यावर आपटत, कानाशी धरत, हलकेच सूर देत आणि तिघं सुरू करत. अंत्यविधीच्या दिवशी तो नादकाटा चुलीवरच्या फळीवरून नाहीसा झाला आणि दुसऱ्या आठवड्यात इद्वलकाकाच्या बंडीच्या खिशातून डोकावताना दिसला. तेव्हापासून नांतवाखमध्ये काकाशी जे बोलणं बंद झालं ते आजतागायत.

सकाळीच नेस्ट शहरातून आपल्या गाडीने आली. शाळेत शिकवायची ती. आवाज वर्गभर जाईल असा आणि मत आवाजाहून मोठं. संध्याकाळच्या फराळासाठी थंड मटणाचे काप करता करता तिने निकाल देऊन टाकला. नादकाटा टेग्विनच्या हातात आला तर ती गाईल. नाहीतर ती मागच्या बाकावर बसेल आणि नांतवाख यंदा उठणार नाही.

टेग्विन मोजे घालून चुलीपाशी उभा होता. तो म्हणाला की लोखंडाच्या तुकड्यावरून एवढं कशाला.

"मग माग ना त्याच्याकडे," नेस्ट म्हणाली.

"मेंढ्यांना गवत टाकून येतो."

"मेंढ्यांना सकाळीच टाकलंय," मेरेरिद म्हणाली. तरीही टेग्विन गेलाच. तो भांडणाला भिऊन मेंढ्यांकडे जायचा, त्यामुळे नांतवाखच्या मेंढ्या तालुक्यात सगळ्यात धष्टपुष्ट होत्या.

नेस्टने सुरी खाली ठेवली. नादकाट्याचा राग खरा नव्हे हे मेरेरिदला ठाऊक होतं. खरा राग त्याच्या खाली होता, आणि आज नेस्टने तो पुन्हा एकदा काढला.

"शेवटच्या दुपारी तू पाणी गरम करायला खाली होतीस, टेग्विन डॉक्टरला आणायला गेला होता. खोलीत मी आणि तो. बाबांनी हाक मारली, वहिनी. 'इद्वल' म्हणून. मला नाही मारली, त्याला मारली. दोनदा, तीनदा. तो खिडकीत पाठ करून बसला होता. मान वळवली नाही त्याने. मी पलंगापासून उठून त्याला हलवायला जाईपर्यंत बाबा गेले होते." ती जरा थांबली. "आणि तू त्याला ताटं नेतेस. तुझ्या चांगुलपणाने तो जास्तच माजलाय. काय मिळालं गं तुला इतक्या वर्षांत?"

"कोंबड्या गुबगुबीत झाल्या," मेरेरिद म्हणाली.

नेस्टला हसू आलं, पण तिने ते आवरलं. मेरेरिदने काही आवरलं नव्हतं, कारण तिला मुळात हसूच येत नव्हतं. तिचे वडील समुद्रकाठच्या गावात पाळक होते. आठवडाभरात जो माणूस त्यांना सगळ्यात जास्त टोचून बोलला असेल त्याचं नाव घेऊन ते रविवारी जेवणाआधी त्याच्यासाठी प्रार्थना करत, आणि लहानपणी मेरेरिद 'या वेळी कोण' म्हणून कान टवकारून बसे. तिला तेव्हा वाटायचं, ही नावं बदलत राहतात. माणूस एकच असला, आणि तो रोज अंगणापलीकडे राहत असला, तर काय होतं हे तिच्या वडिलांनी तिला सांगितलं नव्हतं. ती दमली होती. आज नादकाटा मिळाला नाही तर पुढच्या रविवारपासून ताट बंद, असं तिने उठल्या उठल्याच ठरवलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

दुपारी तिने ताट वाढलं, वर झाकण ठेवलं आणि अंगण ओलांडलं. प्रार्थना ती विसरली. दार वाजवलं, उत्तर नाही. ढकललं.

स्टोव्हवर किटली शिट्टी मारत होती. साधी नव्हे, घर डोक्यावर घेणारी शिट्टी. झाकण नाचत होतं, पाणी उतू जाऊन स्टोव्हच्या पत्र्यावर चरचरत होतं. त्या किटलीपासून हातभर अंतरावर इद्वलकाका पाठमोरा बसला होता, चर्चमध्ये बसतात तसा शांत. "काका," मेरेरिद म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली. कुत्र्याने मान वर केली, काकाने केली नाही.

त्याने खिशातून नादकाटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि त्याचा दांडा कानाखाली, जबड्याच्या हाडावर दाबून धरला. डोळे मिटले. मेरेरिदला तो बाजूने दिसत होता. या माणसाचा चेहरा असाही होऊ शकतो हे तिला माहीत नव्हतं. मग तो गुणगुणला, खोल आणि अगदी सुरात. पुन्हा आपटला, पुन्हा हाडाला लावला.

ताट हातात धरून ती उभी राहिली आणि एकेक गोष्ट तिच्यापुढे येत गेली. न उघडलेली दारं. कुरणातून टेग्विनने मारलेल्या हाका. गल्लीत इथल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी टोपी काढून केलेला नमस्कार, ज्याला काका उत्तर न देता पुढे निघून गेला होता आणि त्यावर गावात महिनाभर बोलणं झालं होतं. उत्तर न देण्यासाठी तो आधीपासून इतका प्रसिद्ध होता, की ऐकू येत नाही हे कुणाच्या ध्यानात यावं?

कुत्रा शेपूट हलवत उठला तेव्हा इद्वलकाका वळला. नादकाटा झटकन खिशात गेला.

"दार वाजवायची रीत नाही का समुद्रकाठी?"

मेरेरिदने ताट ठेवलं, किटली उतरवली आणि ती त्याच्या डोळ्यांसमोर धरली. वाफ अजून निघत होती. त्याने किटलीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचे खांदे जरा खाली आले. तिने खुर्ची ओढली. या घरात ती पहिल्यांदाच बसत होती. ती त्याच्या कानाशी वाकली. "मी नेहमीच वाजवते, काका."

"ओरडू नकोस. बहिरा नाही मी." मग त्याने डाव्या कानावर तळवा ठेवला. "डावा गेलाय. उजवा जायच्या बेतात आहे. टेग्विन सूर देईल तो मला कळायचा नाही. हाडाला लावला की कळतो."

"आजवर कसं चाललं मग?"

"ग्रिफिथ शेजारी असायचा. दंडाला दंड लावून उभं राहिलं की त्याच्या अंगातून सूर यायचा." त्याने झाकणावर बोटं ठेवली, उघडलं नाही. "त्याला माहीत होतं की नाही, कोण जाणे. बोलला नाही कधी. शेवटीही नाही बोलला. सबंध दुपार मी त्या खिडकीत बसलो होतो. त्याच्याकडे बघवत नव्हतं म्हणून बाहेर बघत होतो. वाटलं, जाताना एखादा शब्द टाकेल. पोरीला बोलला असेल काही. मला नाही."

मेरेरिदला क्षणभर वाटलं, हे आपल्याला ऐकूच आलं नसतं तर बरं झालं असतं. सांगितलं तर हा मोडेल आणि न सांगितलं तर हा असाच मरेल. तिने त्याचा हात धरला आणि त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "त्यांनी हाक मारली होती. तुम्हाला. इद्वल म्हणून. नेस्टने ऐकली. दोन-तीनदा मारली."

हात तिच्या हातात तसाच राहिला, एरवी त्याने तो झटकला असता. किटलीची वाफ संपली. शेवटी त्याने ताटावरचं झाकण काढलं, आत पाहिलं आणि एकही घास न घेता म्हणाला, "बटाटे खारट झालेत."

"हो," मेरेरिद म्हणाली.

ती उठली तेव्हा त्याने तिची बाही पकडली. कानाचं कुणाला सांगायचं नाही. टेग्विनला नाही, आणि नेस्टला तर मुळीच नाही. "कीव करतील. चांगुलपणा सोसायला तू एकटी पुरे आहेस मला." आणि तिने शब्द दिल्याशिवाय त्याने बाही सोडली नाही.

अंगणात येऊन ती गोठ्याच्या भिंतीशी थोडी रडली. त्याच्यासाठी रडली, आणि थोडी स्वतःसाठीही. इतके रविवार ताट नेलं, पण समोर बसून तो जेवेपर्यंत एकदाही थांबली नव्हती. मग डोळे पुसताना तिला आठवलं की बहिरेपण पाच-सहा वर्षांचं असेल, आडमुठेपणा मात्र जन्माचा आहे, आणि तिला जरा बरं वाटलं.

आता पेच असा होता, की ज्या एका गोष्टीने नेस्टचा राग उतरला असता तीच सांगायची बंदी होती. मेरेरिदने नेस्टला स्वयंपाकघरात एकटीला गाठलं आणि सांगितलं की नादकाटा काकाकडेच राहील, आणि तरीही नेस्टने गायला यावं.

"का?"

"का ते सांगता येणार नाही."

"त्याने तुला काहीतरी बोलून गुंडाळलंय."

"त्याला गुंडाळता येतं का कुणाला? लोकरीचा गुंडा तरी येतो का?" मेरेरिद म्हणाली. "नेस्ट, मी या घरात आल्यापासून तुझ्याकडे काही मागितलं नाही. आज मागते. त्याच्यासाठी नको येऊस. माझ्यासाठी ये."

नेस्टने तिच्याकडे निरखून पाहिलं. लाल झालेले डोळे तिला दिसले असणार. "तू रात्र-रात्र जागून बाबांचं आजारपण काढलंस," ती शेवटी म्हणाली. "येते. पण त्याच्याकडे बघणार नाही."

चर्चमध्ये दिवे मंद आणि थंडी कडाक्याची होती. गाणाऱ्यांच्या तोंडून सुराबरोबर वाफ निघत होती. पाळकसाहेबांनी छोटी उपासना केली, प्लगाइन सुरू आहे असं सांगितलं आणि ते बाजूला बसले. नांतवाखची मंडळी डावीकडच्या बाकावर बसली होती, त्यांच्या मागच्या बाकावर मेरेरिद. नेस्ट आणि इद्वलकाका यांच्यामध्ये टेग्विन होता, कुंपणासारखा.

पहिल्या फेरीला त्यांची दरवर्षीप्रमाणे मेंढपाळांची कॅरल ठरलेली होती. त्यांच्या आधी शेजारच्या डॉलवेन शेतावरचे तिघे भाऊ उठले, पुढे गेले, गोल करून उभे राहिले आणि त्यांनी तीच सुरू केली. असं होतंच. मेंढपाळांची कॅरल एका घराची नाही. असं झालं की पुढच्यांनी ठरवलेली सोडायची आणि दुसरी घ्यायची, म्हणून तर प्रत्येक घर कान देऊन बसतं. टेग्विन आणि नेस्टने एकमेकांकडे पाहिलं. टेग्विन काकाकडे झुकला आणि तोंडापुढे हात धरून कुजबुजला, "ताऱ्याची घेऊ."

काकाने मान डोलावली. कुणी त्याच्याकडे झुकलं की तो मान डोलवायचा. मेरेरिदने त्याच्या खांद्याला लावायला हात पुढे केला, तोवर तिघं उठले होते.

ते पुढे गेले. इद्वलकाकाने नादकाटा गुडघ्यावर आपटला, जबड्याला लावला आणि सूर दिला. सूर ऐकताच नेस्टने झटकन वर पाहिलं. तो ताऱ्याचा सूर नव्हता. आणि काकाने मेंढपाळांची सुरू केली.

पहिली ओळ त्याने एकट्याने गायली. तो खर्ज त्या छोट्या चर्चमध्ये उघडा पडला, खाली पाया आणि वर घर नाही असा. डॉलवेनचा थोरला भाऊ आपल्या बुटांकडे बघू लागला. कुणाच्या आठवणीत हा नियम मोडला गेला नव्हता, आणि आता नांतवाख तो मोडत होतं. दुसऱ्या ओळीला टेग्विन लाल चेहऱ्याने काकाबरोबर सुरू झाला. भांडणाला भिणारा टेग्विन मेंढ्यांकडे गेला नाही, त्याने गायलं. नेस्टने मात्र तोंड उघडलं नाही. ती काकाकडे बघणार नव्हती, आणि आता ती त्याच्याखेरीज कशाकडेच बघत नव्हती. खिशात परत न ठेवलेला, हातात आवळून धरलेला तो नादकाटा. कानाखाली हाडावर उमटलेला त्याचा लाल ठसा. शेवटचं कडवं संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

ते परत येऊन बसले. पुढचं घर उठलं. काका बहिरा होता, आंधळा नव्हता. त्याने चेहरे पाहिले होते. तो मागे वळला आणि, त्याच्या कल्पनेप्रमाणे हळूच, म्हणजे दोन बाकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय झालं? खरं सांग."

खोटं बोलणं किती सोपं होतं. मेरेरिद त्याच्या कानाशी वाकली. "ही झाली होती. डॉलवेनच्यांनी गायली होती."

त्याचा चेहरा राखेसारखा झाला. त्याने नादकाटा मागे वळून तिच्या मांडीवर टाकला. "घे. हाच हवा होता ना तुम्हाला? मी आता उठत नाही." आणि तो पुन्हा समोर बघत बसला.

संपलं, असं मेरेरिदला वाटलं. सकाळी जे हवं होतं ते मांडीवर पडलं होतं, आणि ते नको होतं. काकाशिवाय खर्ज नाही, खर्जाशिवाय नांतवाख नाही. पुढच्या वर्षी सगळे मागच्या बाकावर. प्रभू, ती मनात म्हणाली, आणि पुढे काय म्हणायचं ते तिला सुचलं नाही.

नेस्ट मागे वळली. "कधीपासून?" तिने नुसते ओठ हलवून विचारलं.

मेरेरिदने शब्द दिला होता. तिने मांडीवरच्या नादकाट्याकडे पाहिलं.

"बाबा गेले तेव्हाही?"

मेरेरिदने ओठ मिटून घेतले, पण डोळ्यांतल्या पाण्याने कुणाला शब्द दिला नव्हता, ते आपलं वाहिलं. नेस्टने हात पुढे केला, वहिनीच्या मांडीवरून नादकाटा उचलला आणि ती समोर वळून बसली. दुसरी फेरी सुरू झाली. एकेक घर उठत होतं आणि मेरेरिदला फक्त नणंदेची ताठ पाठ दिसत होती.

डॉलवेनचे भाऊ गाऊन परतले. आता नांतवाखची पाळी. कुणी उठेना. पाळकसाहेबांनी मान खाली घातली होती. पुढच्या घराचा म्हातारा उठावं की थांबावं या विचारात बाकाच्या कडेवर येऊन बसला, आणि थांबला.

नेस्ट उठली. ती टेग्विनला ओलांडून काकासमोर जाऊन उभी राहिली. त्याने वर पाहिलं, त्याची जीभ काहीतरी कडू बोलायला सरसावली असणार, कारण त्याचे ओठ हलले. तिने त्याला बोलू दिलं नाही. तिने नादकाटा बाकाच्या पाठीवर आपटला, वाकली, आणि त्याचा दांडा काकाच्या कानाखाली, त्या लाल ठशावर, टेकवून धरला. दुसरा हात तिने त्याच्या गालाला लावला, डोकं हलू नये म्हणून.

काका हलला नाही. सूर विझेपर्यंत दोघं तशीच राहिली. मग तिने पुन्हा आपटला आणि पुन्हा धरला. त्याचे डोळे मिटले आणि मिटलेल्या पापण्यांतून पाणी आलं. चर्चमध्ये प्रत्येक माणूस आता ते पाहत होता, आणि जे कुणालाच कळू द्यायचं नव्हतं ते सगळ्यांना कळलं होतं. त्याने बाकाचा आधार घेतला आणि तो उठला.

ते पुढे गेले. या वेळी टेग्विन कडेला उभा राहिला आणि नेस्ट काकाच्या शेजारी, दंडाला दंड लावून. दुसऱ्या फेरीला नांतवाखची स्वतःची कॅरल होती, पणजोबांपासून आलेली, एदेनच्या बागेपासून कालवरीच्या टेकडीपर्यंत जाणारी, भरपूर लांब. काकाने खालून उचलली, टेग्विनने मधून आणि नेस्टने वरून. ग्रिफिथचा आवाज त्यात नव्हता, आणि तरीही मेरेरिदला तो कुठे असायचा ती जागा नेमकी ऐकू येत होती. कडव्यामागून कडवं जात राहिलं. एकही शब्द कुणी चुकलं नाही.

शेवटी प्रथेप्रमाणे सगळ्या घरांतले पुरुष एकत्र उठून गायले, आणि त्या गर्दीत डॉलवेनचा थोरला मुद्दाम इद्वलकाकाला खेटून उभा राहिला. नंतर शाळेच्या खोलीत चहा, थंड मटण आणि फळांचा पाव होता. तिथे तो काकाकडे आला आणि त्याच्या कानात ओरडला, की आम्ही मेंढपाळांना घाईघाईत बेथलेहेमला नेलं होतं, बरं झालं तुम्ही पुन्हा नीट चालवत नेलंत. काका म्हणाला की तुमचा मधला भाऊ नाकात गातो. थोरल्याने ते मान्य केलं.

घरी परतल्यावर टेग्विन गाडी लावायला गेला. मेरेरिदने काकाला अंगणापलीकडे सोबत केली. त्याच्या दाराशी ती त्याच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "पुढच्या रविवारी मी ताट आणणार नाही."

कडीवरचा त्याचा हात थांबला.

"तुम्ही आमच्याकडे यायचं. टेबलावर. नेस्टही येणार आहे."

"बटाट्यात मीठ कमी घालशील?"

"नाही," मेरेरिद म्हणाली.

तो घुश्शात आत गेला आणि दार लागलं. ती अर्ध्या अंगणात पोचली असेल, तेवढ्यात ते पुन्हा उघडलं.

"त्या पोरीचा हात बर्फासारखा गार होता," इद्वलकाका सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला. "पुढच्या वर्षी हातमोजे घालून ये म्हणावं."